कवितेमागे धावलेली कादंबरी

कुसुमाग्रजांच्या ‘वेडात मराठे वीर दौडले सात’ या कवितेच्या दोन ओळी तरी म्हणून दाखवणार नाही असा मराठी वाचक विरळा. १९७४ साली, शिवराज्याभिषेकाला तीनशे वर्षे झाली तेव्हा, ‘शिवकल्याण राजा’ या ध्वनिमुद्रिकेत हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीवर लता मंगेशकरांनी ती गायली, आणि तेव्हापासून ती न वाचलेल्यांच्याही कानात आहे. तिच्यावर चारशे पानांची ऐतिहासिक कादंबरी निघते म्हटल्यावर ती खपणार हे उघड होते. पहिली आवृत्ती खपलीही. अडचण नंतर सुरू झाली. प्रकाशकाकडे आलेल्या पत्रांचा सूर एकच होता: विषय मोठा, लेखकाची कळकळ खरी, पण पुस्तक मध्येच हातातून सुटले. कुणी शंभराव्या पानाच्या आसपास थांबले होते, कुणी मधले सगळे सोडून शेवटची लढाई तेवढी वाचली होती. दुसरी आवृत्ती काढण्याआधी नेमके काय बिघडले ते पाहावे म्हणून प्रकाशकाने पुस्तक माझ्याकडे संपादनासाठी दिले.

पुस्तकाचे, लेखकाचे आणि प्रकाशनाचे नाव इथे देत नाही. जो बिघाड सांगायचा आहे तो एका माणसाचा नाही. गाजलेल्या कवितेवरून कादंबरी लिहायला बसलेल्या कुणाचीही गाडी याच जागी अडते, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडावेसे वाटले. शिवाय या लेखकाबद्दल मला आदर आहे. त्याने अभ्यास केला होता, आणि त्याचा अभ्यास पुस्तकात दिसतो. पुस्तक अभ्यासाअभावी फसलेले नाही, आणि म्हणूनच त्याच्याकडे बारकाईने पाहण्यासारखे आहे.

पुस्तक कसे आहे

पहिल्या पानावर सात घोडी उधळलेली आहेत. तारीख २४ फेब्रुवारी १६७४, महाशिवरात्र, जागा नेसरीजवळची खिंड. घोड्यांच्या नाकातून फेस येतो आहे, समोर विजापूरच्या बहलोलखानाची फौज आहे, आणि सरनोबत, म्हणजे सेनापती, प्रतापराव गुजर तलवार उपसतात. इथे प्रकरण संपते आणि कादंबरी मागे जाते. पुढची सुमारे अडीचशे पाने सहा सरदारांच्या सहा जीवनकथा आहेत, प्रत्येकाला साधारण चाळीस पाने. मग उंबराणीची लढाई सहा पानांत. मग एका परिच्छेदाच्या सुरुवातीला वाक्य येते, “दहा महिने सरले.” त्यानंतर महाराजांचे पत्र, सात जणांचे निघणे, आणि उरलेली पाने त्या एका दौडीची.

लेखकाने हा आराखडा कवितेवरून घेतला आहे आणि प्रस्तावनेत तो अभिमानाने तसे सांगतो. कवितेत जे ठळक आहे ते कादंबरीत ठळक, कवितेत जे नाही ते कादंबरीत पुसट. वरवर पाहता ही कवितेवरची निष्ठा आहे. पण कादंबरीचा सगळा तोल याच निष्ठेने घालवला.

दोन अपमान

आधी कागद काय सांगतात ते पाहू, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे.

मार्च १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदाने मूठभर माणसांनिशी पन्हाळा घेतला. विजापुरात त्याआधी काही महिने दुसरा अली आदिलशहा वारला होता, गादीवर सिकंदर हे लहान मूल होते, आणि दरबारात पठाण आणि दख्खनी गटांची ओढाताण सुरू होती. पन्हाळ्याच्या बाजूला पठाणांचा पुढारी अब्दुल करीम बहलोलखान पाठवला गेला. एप्रिलमध्ये जतजवळच्या उंबराणीला प्रतापरावांनी त्याला गाठले, पाणी तोडले आणि जेरीला आणले. खान शरण आला, पुन्हा महाराजांशी वैर करणार नाही अशी याचना केली, आणि प्रतापरावांनी त्याला वाट दिली.

कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत यावर महाराजांचा सवाल आहे: “सला काय निमित्य केला?” म्हणजे, तह कशासाठी केला? पुढे खान पुन्हा चालून आला तेव्हा महाराजांनी लिहिले की त्याला गाठून बुडवावे, फत्ते करावी, नाहीतर तोंड दाखवू नये. सभासद पुढच्या लढाईचे ठिकाण ‘जेसरी’ असे देतो, तिथे मोठे युद्ध झाले आणि प्रतापराव तलवारीच्या वाराने पडले असे सांगतो. सात जणांचा उल्लेख तो करत नाही. तो येतो इंग्रजांच्या कागदांत. त्यांचा वकील नारायण शेणवी याच्या १६७४ सालच्या पत्रात, प्रतापराव आणखी सहा स्वारांसह दोन टेकड्यांमधल्या अरुंद जागी मारले गेले आणि बाकीच्या लष्कराची त्यांना साथ मिळाली नाही, अशी बातमी आहे. त्या सहा जणांची नावे या कागदांत नाहीत. आज जी यादी ऐकायला मिळते ती नंतर रूढ झालेली आहे.

म्हणजे इतिहासातला प्रतापरावांचा अपमान हा एका विजेत्याचा अपमान आहे. तो हरला नव्हता, पळाला नव्हता. त्याने जिंकलेली लढाई दयेने, हिशेबाने किंवा थकव्याने अर्धवट सोडली, आणि धन्याने त्याबद्दल जाब विचारला.

आता कविता. तिथे अपमान वेगळाच आहे. तिथे सैन्य रण सोडून पळाले आहे, काल शत्रूला पाठ दाखवली गेली आहे, आणि त्या पळपुटेपणावर महाराजांचे जळजळीत शब्द आले आहेत. उंबराणी नाही, सोडून दिलेला खान नाही. गाण्यात आपण ऐकतो त्या कडव्यांत तर प्रतापरावांचे नावसुद्धा नाही, आणि सात जण खिंडीत नव्हे तर थेट गनिमाच्या छावणीत शिरतात. कवीने हे बदलले आणि ठीकच केले. कविता एका क्षणाची आहे. जिंकून सोडून दिलेल्या शत्रूचा गुंता समजावायला तिला दहा कडवी खर्चावी लागली असती आणि तोवर घोडी थंड पडली असती. पळण्याची लाज ऐकणाऱ्याला एका ओळीत कळते. तिच्यावरून ठिणगी पडते आणि सात जण उठतात. कवितेला तेवढेच हवे होते.

कादंबरीकाराला मात्र दोन्ही हवे होते. इतिहास सोडवत नव्हता म्हणून उंबराणी ठेवली, कविता सोडवत नव्हती म्हणून पळ ठेवला. त्यासाठी त्याने नेसरीच्या आदल्या दिवशी एक चकमक रचली, तीत मराठी फौज उधळून पळते. मग महाराजांची दोन पत्रे झाली: एक सला केल्याबद्दल, दुसरे पळाल्याबद्दल. आणि इथे प्रतापराव हा माणूसच कादंबरीतून नाहीसा झाला. ज्याने खानाला सोडले म्हणून तो दहा महिने आतून जळतो आहे असे आपल्याला वाटायला हवे, तो शेवटी धावतो ते कालच्या पळापळीच्या लाजेने. उंबराणीचा निर्णय मग कशासाठी होता? त्याचे ओझे कुठे गेले? वाचक हा प्रश्न शब्दांत विचारत नाही, फक्त त्याचे मन पुस्तकातून निघून जाते. पत्रे लिहिणाऱ्या वाचकांना जे नेमके सांगता आले नव्हते ते माझ्या मते हे होते.

या जोडकामाने एक साधी अशक्यताही घडवली. कादंबरीत महाराज रायगडावर आहेत, राज्याभिषेकाची तयारी चालू आहे. फौज पळते दुपारी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावरचे पत्र नेसरीच्या तळावर पोचते. रायगड कुठे, नेसरी कुठे! मध्ये कित्येक मजला. उत्तम सांडणीस्वार आणि ठिकठिकाणी ताजी जनावरे धरली तरी एका रात्रीत बातमी जाऊन उत्तर येणे शक्य नाही. कवितेत ‘काल’ आणि पत्र शेजारी-शेजारी बसतात आणि कुणी हरकत घेत नाही, कारण कवितेत अंतर नसते. कादंबरीने एकदा रायगड आणि नेसरी अशी नावे घेतली की तिला वाटेतले घाट, नद्या आणि रात्री मोजाव्या लागतात.

गाळलेले दहा महिने

मला सर्वांत जास्त खंत या जागेची आहे. उंबराणी एप्रिल १६७३, नेसरी फेब्रुवारी १६७४. या मधल्या दहा महिन्यांत जे घडले त्यात एक अस्सल कादंबरी तयार पडलेली होती.

विचार करा. प्रतापराव म्हणजे कुणी उतावळा शिलेदार नव्हे. खटाव भागातल्या भोसरे गावचा कुडतोजी गुजर. नेताजी पालकरांनंतर सरनोबत झालेला. मोगलांशी तह होता त्या काळात फौज घेऊन औरंगाबादेस राहिलेला, आणि तह मोडण्याची चाहूल लागताच फौजेसह सहीसलामत निसटलेला. १६७२ मध्ये साल्हेरला मोरोपंत पिंगळ्यांच्या जोडीने मोगलांच्या मोठ्या फौजेला उघड्या मैदानात मोडणारा. गनिमी काव्यात मुरलेल्या मराठी फौजेने मैदानी लढाईही जिंकता येते हे तिथे सिद्ध केले. असा माणूस, ज्याला कधी पुढे जायचे आणि कधी मागे सरायचे हे हाडीमाशी ठाऊक आहे, तो दहा महिन्यांनी सहा स्वारांनिशी फौजेवर जातो. हा प्रवास कसा झाला?

आणि हे महिने रिकामे नव्हते. मराठ्यांनी १६७३ मध्येच हुबळी लुटली, इंग्रजांच्या वखारीचा माल त्यात गेला आणि त्यांच्या तक्रारी सुरू झाल्या. जुलैत सातारा हाती आला. राज्य वाढत होते, राज्याभिषेकाचे वारे वाहू लागले होते, आणि या सगळ्यात सरनोबताच्या डोक्यावर एक न मिटलेला जाब टांगलेला होता. ज्याला आपण जीवदान दिले तो माणूस पुन्हा फौज जमवतो आहे, ही बातमी त्याला कुठे आणि कशी कळली? ती सांगायला आलेल्या हेराच्या नजरेत काय होते? छावणीत हाताखालचे लोक कुजबुजत होते का? खानाला सोडायचा सल्ला कुणी दिला होता, आणि तो माणूस अजून जवळ होता का? मोठा विजय मिळवूनही सरनोबत महाराजांपुढे जायला कचरतो आहे, असा एकही प्रसंग कादंबरीत नाही. “दहा महिने सरले.” एवढेच.

कवितेने हे महिने गाळले कारण तिला ते नको होते. पण कवीने जे गाळले तीच कादंबरीकाराची जमीन असते. कवीने जिथे पाय रोवले आहेत तिथे पुन्हा उभे राहून काय मिळणार? तो क्षण कवीने मोजक्या शब्दांच्या कडव्यांत असा पकडला आहे की त्यावर शंभर पाने लिहिली तरी एक थेंब अधिक निघत नाही. या पुस्तकातली शेवटची दौड मी लक्ष देऊन वाचली. धूळ, टापा, घाम, रक्त, पुन्हा धूळ. लेखकाने जीव ओतला आहे, पण प्रत्येक परिच्छेदागणिक मला कवितेची ओळ आठवत गेली आणि परिच्छेद फिका पडत गेला. काही ठिकाणी तर त्याने कवितेतल्या प्रतिमाच गद्यात उतरवल्या आहेत: दर्यात कोसळणाऱ्या उल्का, वणव्यात जळणारे पक्षी. पद्यात त्या झळाळतात, कारण पुढच्याच श्वासाला त्या विझतात. गद्यात उल्केला क्रियापद, विशेषण आणि स्पष्टीकरण लागते, आणि तोवर ती दगड झालेली असते.

सहा जण, एकच माणूस

सहा सरदारांच्या अडीचशे पानांबद्दल थोडक्यातच सांगतो. एकाचे नुकतेच लग्न झाले आहे, एकाची आई अंथरुणाला खिळली आहे, एकाला भाऊबंदांनी वतनातून बेदखल केले आहे, एकाचा मुलगा पहिल्यांदा ‘बाबा’ म्हणाला आहे. प्रत्येकाची कथा घरातून निघताना मागे वळून पाहण्याने संपते. यांतला कुणीही दुसऱ्याच्या जागी ठेवला तरी काही फरक पडत नाही. वाचकाला पहिल्या पानावरच सांगितले आहे की हे सगळे मरणार, तेव्हा त्यांच्या सुखाचा प्रत्येक प्रसंग त्या मरणाची दक्षिणा म्हणून येतो. तिसऱ्या सरदाराच्या घरी पाळणा हलू लागला तेव्हा मला वाटले ते दुःख नव्हते, ओळख होती: आता हाही निघणार.

नावे नंतरची असली म्हणून कादंबरीत वापरू नयेत असे माझे म्हणणे नाही. कादंबरीकाराला तेवढी मोकळीक हवीच. पण नाव मिळाले की माणूस मिळतो असे नाही. सहापैकी एक जरी असा असता, ज्याला उंबराणीचा सला योग्य वाटला होता आणि तरीही तो आज धन्याबरोबर निघाला, तर त्या एका माणसासाठी मी उरलेल्या पाचांची प्रकरणे आनंदाने सोडून दिली असती. किंवा असा एक, ज्याला सरनोबताचा राग आहे, ज्याला ही दौड वेडेपणाची वाटते, पण रिकिबीत पाय टाकण्यावाचून त्याला गत्यंतर नाही. सातांचे मन एक होते हे कवितेचे सत्य आहे. कादंबरीत सात मने हवीत.

मागे राहिलेली फौज

कवितेत एक ओझरता उल्लेख आहे की सात जण निघाले तेव्हा मागची सेना आश्चर्याने पाहत राहिली. आणि इंग्रजी कागदातही तीच गोष्ट वेगळ्या रंगात आहे: बाकीचे लष्कर मदतीला गेले नाही. कवी आणि वकील, दोघे एका ठिकाणी बोट ठेवतात, हे विलक्षण आहे. कवीला ती थक्क झालेली दिसते, वकिलाला ती न आलेली दिसते.

ते का गेले नाहीत? या एका प्रश्नावर कादंबरी उभी राहू शकली असती. सरनोबताने थांबण्याचा हुकूम दिला होता का? ते दूर होते आणि त्यांना कळलेच नाही का? टेहळणीला निघालेला सेनापती अवचित शत्रूच्या तोंडी सापडला, असेही झाले असू शकते. की कळले, घोड्यांवर खोगिरेही चढली, आणि कुणीतरी शहाण्या माणसाने म्हटले की आत्ता नाही? ज्याने तसे म्हटले त्याने फौज वाचवली असेल. आणि मग तो आयुष्यभर कसा जगला असेल? प्रतापराव पडल्यावर त्यांच्या हाताखालच्या आनंदरावाने विस्कळित फौज सावरली आणि लगेच पुढच्या महिन्यात बहलोलखानाच्या जहागिरीतले संपगाव लुटले. म्हणजे फौज मोडली नव्हती. तिने दुःख गिळले आणि सूड घेतला. कादंबरीत या सगळ्याला एक वाक्य आहे: “सेना दिङ्मूढ झाली होती.” त्यानंतर लेखक सात जणांच्या मागे घोडा टाकतो आणि फौजेकडे वळूनही पाहत नाही. कवितेच्या मागे धावणाऱ्याला मागे वळता येत नाही हे खरे, पण कादंबरीकाराने त्या दिवशी फौजेत थांबायला हवे होते.

भाषेविषयी थोडे

संवाद हा या पुस्तकाचा आणखी एक दुबळा भाग, पण तो मुळाचा दोष नाही, वरच्या दोषाचे फळ आहे. पात्रे साधी बोलतच नाहीत. घोड्याला खरारा करणारा मोतद्दारसुद्धा ‘माघार हा शब्द मराठ्याच्या कोशात नाही’ असे बोलतो. एक सरदार निघताना म्हणतो, “आपली गाणी होतील!” आपली गाणी होणार हे ज्याला ठाऊक आहे त्याच्या मरणात धोका उरत नाही. बखरीतली भाषा याच्या अगदी उलट आहे. सभासद मोठ्या गोष्टी तुटक, कोरड्या वाक्यांत सांगतो, आणि म्हणूनच त्याचा “सला काय निमित्य केला?” आजही अंगावर येतो. लेखकाने बखर वाचली होती, तिच्यातले ‘निमित्य’, ‘फत्ते’, ‘गाठ घालणे’ हे शब्द उचलले होते, पण तो संयम उचलला नाही. शब्द बखरीचे आणि आवाज व्याख्यानाचा, असे ते मिश्रण झाले.

लेखकाशी झालेले बोलणे

मी माझे टिपण पाठवल्यावर लेखक भेटायला आला. तरुण आहे, शाळेत इतिहास शिकवतो, आणि टीका ऐकून घेण्याचे बळ त्याच्यात आहे. तो म्हणाला, “सर, मी ते गाणं लहानपणापासून ऐकतोय. लिहिताना ते कानात होतंच. ते बाजूला कसं ठेवायचं?” मी म्हणालो, बाजूला ठेवू नका, पण ते जिथे संपते किंवा सुरू होण्याआधी जिथे गप्प असते तिथे लिहा. त्याला हे पटायला वेळ लागला. कवितेला न्याय द्यायचा म्हणजे कवितेतला प्रसंग मोठा करायचा, असे त्याने मनाशी धरले होते.

दुसऱ्या आवृत्तीसाठी आम्ही जे ठरवले ते असे. आदल्या दिवशीची चकमक आणि दुसरे पत्र काढून टाकायचे, पळ अजिबात नाही. अपमान एकच, उंबराणीचा. सुरुवातीची दौड काढायची, कादंबरी उंबराणीच्या तुटलेल्या पाण्यापाशी सुरू करायची: तहानेने व्याकूळ झालेली खानाची फौज, आणि विजेत्याच्या मनात काय चालले आहे ते. सहांपैकी चौघांची प्रकरणे जातील. दहा महिन्यांची पाने नव्याने लिहायची, हे सगळ्यात मोठे काम. शेवटच्या दौडीला जास्तीत जास्त चार पाने, आणि तीही फौजेतून दिसेल तशी. प्रतिमा एकही उसनी नाही. शीर्षकातून कवितेची ओळ काढावी असेही मी सुचवले होते. प्रकाशकाने ते मानले नाही, आणि त्याची बाजू मला समजते.

हे सगळे लेखकाने मान्य केले. दहा महिन्यांवरची पहिली तीन प्रकरणे त्याने लिहून पाठवली आहेत आणि ती पुस्तकातल्या कुठल्याही पानापेक्षा चांगली आहेत. सातारा हाती आल्याची बातमी तळावर येते, सगळे जल्लोष करतात, आणि प्रतापराव जासुदाला एकच विचारतात की महाराजांनी आपल्याबद्दल काही विचारले का. जासूद गप्प राहतो. या माणसाला कादंबरी लिहिता येते, याबद्दल मला आता शंका नाही.

एका जागी मात्र आमचे जमलेले नाही. प्रतापराव पडल्याची खबर महाराजांना कळते तो प्रसंग पहिल्या आवृत्तीत नाही. मी म्हणतो, तो हवाच. सभासदाने तो दिला आहे: महाराज बहुत कष्टी झाले, “आज एक बाजू पडली” असे म्हणाले, आणि आपणच फत्ते केल्याशिवाय तोंड दाखवू नका असे लिहून पाठवले होते, त्यांनी ते खरे करून दाखवले, अशा अर्थाचे बोलले. लेखकाची भीती अशी की वाचक महाराजांना असे पाहणार नाहीत. “सर, आपल्या पत्राने माणूस गेला हे त्यांच्या तोंडी घातलं तर लोक पुस्तक फेकून देतील.”

मला हे मान्य नाही. हे मी किंवा त्याने घातलेले नाही, राजाराम महाराजांच्या काळात, शिवछत्रपतींना पाहिलेल्या माणसाने लिहिलेले आहे. त्याला त्यात महाराजांची उणीव दिसली नाही. बखरीत त्या शोकाच्या पाठोपाठ महाराज विचारतात की आता लष्कराचा बंदोबस्त कसा, सरनोबत कोण करावा. दुःख आणि राज्याची जबाबदारी एकाच श्वासात आहेत. पुढे हंसाजी मोहिते हंबीरराव होऊन सरनोबत झाले, जूनमध्ये राज्याभिषेक झाला, आणि १६८० मध्ये प्रतापरावांची मुलगी जानकी राजारामांची पत्नी म्हणून भोसल्यांच्या घरात आली. हे सगळे त्या एका शोकाच्या प्रसंगातून पुढे चालत जाते. तो गाळला तर महाराज केवळ पत्र पाठवणारा एक कठोर आवाज उरतात, आणि अशा आवाजासाठी प्रतापराव जीव देतील हे मला पटत नाही. ज्याचा शब्द जिव्हारी लागतो त्याच्यावर आधी जीव असावा लागतो, आणि त्या जीवाची परतफेड वाचकाला एकदा तरी दिसायला हवी.

लेखकाने मध्यम मार्ग सुचवला आहे: महाराजांचे बोलणे प्रत्यक्ष न दाखवता आनंदरावाच्या कानावर कुणाकडून तरी येते, असे. मी दोन्ही मसुदे प्रकाशकाकडे ठेवले आहेत, आणि सोबत सभासदाच्या बखरीतले ते पान. माझा कौल प्रत्यक्ष प्रसंगाला आहे. निर्णय अजून व्हायचा आहे.